रक्ताचा वारसा आणि माहितीचा हक्क



एखाद्या घरात आजी कर्करोगाने गेली, मागोमाग मावशी गेली आणि मग आईच्या छातीत गाठ निघाली, म्हणजे शेजारीपाजारी दोन प्रकारे बोलतात. कोणी म्हणतो, "नशिबात असेल ते चुकत नाही." कोणी आवाज खाली करून म्हणतो, "त्यांच्या घराण्यातच आहे ते." पहिल्या बोलण्यात दिलासा देण्याचा हेतू असतो, दुसऱ्यात बोट दाखवण्याचा, परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो. त्या घरातली माणसे गप्प बसतात. मुलीचे लग्न व्हायचे असते, मुलाची नोकरी कायम व्हायची असते. मग रोगाचे नावसुद्धा कोणी उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही.

हे गप्प बसणे कसे मोडत गेले, त्याचा इतिहास मला आज सांगायचा आहे. कर्करोगाची प्रवृत्ती काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरते ही गोष्ट माणसाला कशी कळली, ती तपासण्याची विद्या कशी तयार झाली आणि त्यात आपल्या मुंबईचा वाटा कोणता, हे मी माझ्या परीने मांडणार आहे. मी डॉक्टर नाही. माझी शाळा नववीत सुटली आणि पुढले शिक्षण वाचनालयांच्या बाकांवर झाले. भांडुप-मुलुंडच्या कारखान्यांत युनियनचे काम करता करता तीस वर्षे गेली. त्या कामाने एक गोष्ट मनावर पक्की बिंबवली आहे. कारखान्यात राबतात सगळेच, पण मस्टर ज्याच्या हातात असते त्याचा शब्द चालतो. आपल्या शरीराचेही एक मस्टर आहे आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ते वाचता येऊ लागले आहे. ते कोणी वाचावे, कोणासाठी वाचावे आणि कोणाच्या हाती पडू देऊ नये, हा आजच्या विषयातला खरा प्रश्न आहे.

पॅरिसचा शस्त्रवैद्य पॉल ब्रोका याने १८६६ साली आपल्या पत्नीच्या घराण्याची हकीगत छापली. चार पिढ्यांतील स्त्रियांची त्याने यादी केली. कोण कशाने गेली ते टिपले. आणि स्तनाच्या कर्करोगाने इतक्या जणी जाव्यात हा निव्वळ योगायोग नव्हे, असे दाखवून दिले. गंमत अशी की, मटाराच्या वेलींवरून अनुवंशाचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचा निबंधही त्याच साली छापून निघाला. या दोन गोष्टींची गाठ पडायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली.

दुसरी हकीगत मला अधिक जवळची वाटते, कारण तिची सुरुवात एका कष्टकरी बाईपासून होते. १८९५ साली अमेरिकेतील ॲन आर्बर गावी ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे रोगट पेशी तपासणारे डॉक्टर, राहत असत. त्यांच्या घरचे कपडे शिवणारी बाई एकदा फार खिन्न दिसली. विचारल्यावर तिने सांगितले की, आमच्या घरातली माणसे पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, तशीच मीही लवकर जाणार. पुढे ती गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे झटकून टाकले नाही. त्यांनी त्या घराण्याची वंशवेल मांडली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. वैद्यकाच्या ग्रंथांत तिला 'जी घराणे' म्हणतात. विद्यापीठातल्या पंडितांना जे दिसले नव्हते ते सुईदोऱ्याचे काम करणाऱ्या बाईला दिसले होते. कारण घरातली मरणे तिने स्वतः मोजली होती.

तरीही पुढली पन्नास वर्षे या गोष्टीकडे फारसे कोणी वळले नाही. १९६० नंतर हेन्री लिंच या डॉक्टरांनी अशीच घराणी शोधून काढली आणि १९६६ साली दोन घराण्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कर्करोग बाहेरच्या कारणांनी होतो, रक्तातून येत नाही, असा तेव्हा बहुतेकांचा कल होता. त्यामुळे लिंच यांना संशोधनासाठी पैसा मिळणेही जड गेले. पण ते गावोगाव हिंडून घराण्यांच्या नोंदी करीत राहिले. मोठे आतडे आणि गर्भाशय यांच्या आनुवंशिक कर्करोगाला आज त्यांचेच नाव आहे.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मूळचे गोमंतकातले. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. या गृहस्थाने एक साधा पण मोठा प्रश्न विचारला. एकाच शहरात राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांत निरनिराळ्या अवयवांचे कर्करोग का आढळतात? हा फरक रक्ताचा की राहणीचा?

पुष्कळ ठिकाणी उत्तर राहणीच्या बाजूने मिळाले. तंबाखू गालात धरणाऱ्याला गालाचा कर्करोग, कमरेला धोतर करकचून बांधणाऱ्याला त्या वळापाशीच कर्करोग, काश्मिरात पोटाशी कांगडी धरणाऱ्याला पोटाच्या कातडीचा कर्करोग. 'धोतराचा कर्करोग' हे नाव खानोलकरांच्या लेखनातूनच जगाला ठाऊक झाले. परंतु रक्ताची बाजूही त्यांनी सोडली नाही. लाभशंकर संघवी या तरुण अनुवंशशास्त्रज्ञाला हाताशी घेऊन त्यांनी मुंबईतील सहा समाजांचा अभ्यास केला. आपापल्यातच लग्ने करणाऱ्या या सहा समाजांत रक्तगटासारखी सात आनुवंशिक लक्षणे कशी आढळतात, ते त्यांनी तपासले आणि १९४९ च्या सुमारास प्रसिद्ध केले. १९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. त्याच साली के. ई. एम. मधील डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी एक अगदी विरळा रक्तगट शोधून काढला. सगळे जग त्याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणते. आईबाप दोघेही धडधाकट, त्यांच्या रक्तात वावगे काही दिसत नाही, पण दोघांकडून आलेली लपलेली खूण मुलात एकत्र येते आणि प्रकट होते. वारसा नेहमी डोळ्यांना दिसतोच असे नाही, हा धडा मुंबईने जगाला असा दिला.

यानंतरचे मोठे काम नोंदवहीचे. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली. संपूर्ण शहराच्या लोकसंख्येतील कर्करोगाची मोजदाद करणारी ही भारतातली पहिली नोंदणी. आपल्या उपनगरांच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. १९५० साली शहराची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली होती, १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. म्हणून १९६३ ची नोंदवही उघडली तेव्हा बोरिवलीचा शेतकरी, घाटकोपरचा व्यापारी आणि मुलुंडचा कामगार हे तिघेही तिच्यात धरले गेले. तोवर आपली माणसे मरत होती, पण कर्करोगाच्या खात्यावर त्यांची नीट मोजणी होत नव्हती.

या नोंदणीच्या आधारे १९७० साली पारशी समाजाविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हा मुंबईतील इतर स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग फार असे. पारशी स्त्रियांत तो कमी आणि स्तनाचा अधिक आढळला. यावरून कोणी घाईने म्हणेल, पारशांच्या रक्तातच आहे! पण लग्न उशिरा, मुले थोडी, पहिले मूल उशिरा ही स्तनाच्या कर्करोगाची ठरलेली कारणेही त्याच समाजात ठळक होती. पुढे आपल्या इतर समाजांतल्या मुली शिकल्या, नोकरी करू लागल्या, लग्ने लांबली, तसा मुंबईतल्या सगळ्याच स्त्रियांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आला. एवढ्याने रक्ताचा भाग मुळीच नाही असे ठरत नाही, पण एवढे खास ठरते की, संपूर्ण समाजावर शिक्का मारणे हे शास्त्र नव्हे. शोध घ्यायचा तो एकेका घराण्याचा.

शिक्का मारण्याचे परिणाम किती भयंकर होतात, ते जगाने पाहिले आहे. खानोलकर आणि संघवी यांचा निबंध लंडनच्या ज्या नियतकालिकात आला, त्याच्या नावात तेव्हा 'युजेनिक्स' हा शब्द होता. मराठीत त्याला सुप्रजाजनन म्हणत. चांगल्या वाणाची माणसे वाढवावीत, वाईट वाणाची थांबवावीत, असा हा विचार. १९३३ साली जर्मनीत या विचाराचा कायदा झाला आणि सुमारे ४ लाख माणसांची जबरीने नसबंदी करण्यात आली. अमेरिकेच्या अनेक राज्यांतही असे कायदे होते. युद्धानंतर शास्त्रज्ञांना या शब्दाची लाज वाटू लागली; १९५४ साली त्या नियतकालिकाने आपल्या नावातून तो काढून टाकला.

याच पार्श्वभूमीवर १९४७ साली, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी, अमेरिकेत शेल्डन रीड यांनी एक नवा शब्द रूढ केला. आपण त्याला जनुकीय समुपदेशन म्हणतो. जनुक म्हणजे आईबापाकडून येणारा, शरीराच्या एखाद्या कामाची सूचना असलेला अंश. समुपदेशनाचा अर्थ असा की, तज्ज्ञाने कुटुंबापुढे माहिती ठेवावी, तिचा अर्थ उलगडून सांगावा, आणि निर्णय मात्र कुटुंबाचा राहू द्यावा. लग्न करा, करू नका, मूल होऊ द्या, होऊ देऊ नका, असा हुकूम त्याने सोडू नये. जेथे सरकार हुकूम सोडत होते तेथे सल्ला आला. माझ्या मते या विद्येच्या इतिहासातले सर्वांत मोठे पाऊल हेच आहे आणि त्याला कोणतेही यंत्र लागले नाही.

यंत्रे आली ती पुढे. १९७१ साली आल्फ्रेड नडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्याच्या कर्करोगाचा अभ्यास करून एक कल्पना मांडली. ती मी कारखान्याच्या भाषेत सांगतो. समजा, मेंटेनन्स खात्यात दोन फिटर आहेत. दोघे आहेत तोवर मशीन दुरुस्त होत राहते. एक गेला तरी दुसरा काम ओढतो. दुसराही गेला म्हणजे मात्र मशीन बिघडते. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांच्या जोड्या असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. बहुतेक माणसे दोन फिटर घेऊन जन्मतात. दोघेही एकाच पेशीतून जाण्याचा प्रसंग क्वचित येतो. काही माणसे मात्र जन्मतःच एक फिटर कमी घेऊन येतात. त्यांना कर्करोग जन्मतः नसतो, हे ध्यानात ठेवा. त्यांचा राखीव गडी नसतो, इतकेच.

१९९० साली मेरी-क्लेअर किंग या विदुषीने दाखवून दिले की, घराण्यांत उतरणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचे एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ साली ते हाती लागले. त्याला 'बीआरसीए-१' म्हणतात. पुढल्या वर्षी 'बीआरसीए-२' सापडले. ही दोन्ही जनुके पेशीतल्या दुरुस्ती खात्याची आहेत. ज्या स्त्रीत त्यांपैकी एकात बिघाड असतो, तिला ऐंशी वर्षे वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे ७० असते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता पहिल्या जनुकात १०० मध्ये सुमारे ४४, दुसऱ्यात सुमारे १७. हा अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य घराण्यांचा आहे, तेव्हा हे आकडे दिशा दाखवणारे समजावेत. आणखी एक आकडा याच्या जोडीला ठेवलाच पाहिजे. एकूण कर्करोगांपैकी असे थेट वारशाने आलेले १०० मध्ये ५ ते १० च असतात. बाकीच्यांची मुळे तंबाखूत, विषाणूंत, हवेत, कामाच्या जागी, वाढत्या वयात आणि नुसत्या योगायोगात असतात.

आणि हा वारसा बापाकडूनही येतो. बिघाड असलेल्या आईच्या किंवा बापाच्या प्रत्येक मुलाला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. येथे आपल्या चालीरीतींचा एक दोष उघडा पडतो. महाराष्ट्रात वंशावळी लिहिण्याची आवड मोठी. जाडजूड कुलवृत्तान्त छापले गेले. पण जुन्या वंशावळी उघडून पाहा. मुलगे, नातू, पणतू यांच्या रांगा दिसतील. लेकींच्या पुढे रेघ नाही. त्या लग्न करून गेल्या, नाव बदलले, कुळ बदलले, आणि कागदावरून पुसल्या गेल्या. समुपदेशक मात्र कागद पुढे ओढून पहिल्यांदा विचारतो तो आत्यांविषयी, मावश्यांविषयी, आजीच्या बहिणींविषयी. कोणाला काय झाले, कोणत्या वयात झाले, कोणत्या अवयवाला झाले? वर्तुळ म्हणजे स्त्री, चौकोन म्हणजे पुरुष, काळे केलेले म्हणजे आजारी. अशा तीन पिढ्या मांडल्या की पुष्कळदा रक्त काढण्याआधीच अर्धे उत्तर मिळते. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईने तोंडाने सांगितले होते तेच हे.

रक्त तपासायचे तेही शक्यतो आधी रोग झालेल्या माणसाचे. त्याच्यात बिघाड सापडला तर नातेवाइकांना नेमका तोच तपासता येतो आणि खर्चही पुष्कळ कमी येतो. उत्तर तीन प्रकारचे असते. बिघाड आहे, बिघाड सापडला नाही, किंवा काही बदल दिसतो पण त्याचा अर्थ शास्त्राला अजून लागलेला नाही. हे तिसरे उत्तर सर्वांत घोटाळ्याचे. समजावून सांगणारा कोणी नसेल तर माणूस त्यालाच मृत्युपत्र समजून बसतो. बिघाड आहे असे ठरले तरी हात टेकायचे कारण नसते. पंचविशीपासून स्तनांची दरवर्षी एमआरआय तपासणी, मुले झाल्यावर पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास अंडाशय काढून घेण्याचा विचार, आतड्याचा वारसा असेल तर तरुणपणापासूनच दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी, असे मार्ग आहेत. रोग झालाच तर या बिघाडावर नेमकी चालणारी औषधेही निघाली आहेत. परळला टाटा रुग्णालयाकडे जाणारी वाट उपनगरातल्या माणसाला सांगावी लागत नाही. त्याच टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आनुवंशिक कर्करोगाचे स्वतंत्र क्लिनिक चालते.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनचा एक टर्नर ऑफिसात येऊन बसला. आई गेलेली, एक आत्या... नव्हे, आईचीच बहीण गेलेली, आणि सख्ख्या बहिणीचे उपचार चाललेले. बहिणीच्या रक्तात बिघाड सापडला होता; मग याने तपासून घेतले, याच्यातही निघाला. "भाऊ," तो म्हणाला, "माझं काय व्हायचं ते होवो. माझ्या पोरीचं काय? आणि स्थळ आलं तर सांगायचं का नाही?" मी त्याच्याबरोबर समुपदेशक बाईंकडे गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची मुलगी सज्ञान आहे. तपासायचे की नाही हे ती ठरवील. आणि कळल्यावर कोणाला सांगायचे तेही तीच ठरवील." त्याच्या थोरल्या भावाने तर सांगून टाकले, "मला कळून घ्यायचं नाही." बाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही, दार उघडे आहे, वाटेल तेव्हा या, एवढेच म्हणाल्या. मी जन्मभर सभेत हात वर करायला लावणारा माणूस. येथे बहुमत चालत नाही, हे मला त्या खोलीत स्पष्ट दिसले. पुढे मुलीने परीक्षा आटोपल्यावर तपासून घेतले, असे कळले. उत्तर काय आले ते मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असण्याचे मला कारणही नाही.

पण ते ठाऊक करून घेण्याची उत्सुकता इतरांना असते. इतिहासाचा शेवटचा भाग त्यांच्याविषयी आहे.

पहिली उत्सुकता व्यापाऱ्याची. 'बीआरसीए' जनुके शोधणाऱ्यांपैकी मिरियड या अमेरिकन कंपनीने त्यांवर पेटंटे घेतली. तिच्यावाचून अमेरिकेत ही तपासणी दुसऱ्या कोणी करायची नाही आणि दर ती सांगेल तो, असा प्रकार कित्येक वर्षे चालला. डॉक्टर, संशोधक आणि रुग्ण स्त्रिया यांनी मिळून दावा लावला. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, निसर्गाने घडवलेले जनुक नुसते वेगळे काढले म्हणून कोणाच्या मालकीचे होत नाही. त्यानंतर इतर प्रयोगशाळा पुढे आल्या आणि दर खाली आले. तरीही आपल्याकडे खासगी तपासणीला आज हजारो रुपये पडतात. कंत्राटी कामगाराच्या घरी तो एका पगाराचा प्रश्न असतो.

दुसरी उत्सुकता मालकाची. अमेरिकेत बर्लिंग्टन नॉर्दर्न सांता फे ही मोठी रेल्वे कंपनी आहे. तिच्या काही कामगारांनी मनगटाची नस दबून हात बधिर होतो म्हणून भरपाई मागितली. कंपनीने वैद्यकीय तपासणीच्या नावाखाली त्यांचे रक्त घेतले आणि त्यांना न सांगता जनुकीय तपासणीला पाठवले. हात हत्याराच्या हादऱ्याने गेला नाही, वारशाने गेला, असे सिद्ध करण्याचा हा खटाटोप. गोष्ट फुटली, युनियन उभी राहिली, २००१ साली तेथल्या सरकारी आयोगाने दावा लावला आणि २००२ साली कंपनीला २२ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. २००८ साली तेथे कायदा झाला की, नोकरी देताना वा आरोग्य विमा उतरवताना जनुकीय माहितीवरून भेदभाव करता येणार नाही. आयुर्विमा मात्र त्या कायद्यातून सुटला.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. आमच्याच भागातल्या एका कारखान्यात नव्या भरतीच्या फॉर्मात प्रश्न छापला होता: 'कुटुंबात कोणास कर्करोग, क्षय, मधुमेह?' फिटर नट आवळणार, त्याच्या आजीच्या आजाराशी कंपनीचे काय काम? आम्ही तो प्रश्न खोडून घेतला. पण असे किती फॉर्म किती ठिकाणी भरले जात असतील? आपल्या देशात या विषयाचा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही. विम्याच्या बाबतीत थोडी वाट मोकळी झाली. आजार आनुवंशिक आहे एवढ्याच कारणाने आरोग्य विम्याचा दावा नाकारणे हा भेदभाव आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये म्हटले. पुढल्याच महिन्यात विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना त्या कारणाने दावे नाकारू नका असे बजावले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले. नोकरीच्या बाबतीत मात्र कामगाराला आधार आहे तो सर्वसाधारण कायद्यांचा आणि त्याच्या स्वतःच्या संघटनेचा.

येथे एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजतो. लंडनचा शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट याने १७७५ साली दाखवले की, धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी होणारा कर्करोग काजळीमुळे होतो. धंद्यामुळे कर्करोग होतो हे तेव्हापासून ठाऊक आहे. रंगाच्या कारखान्यांत मूत्राशयाचा कर्करोग झाला, ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसांचा झाला. मुलुंड आणि घाटकोपर येथेही ॲस्बेस्टॉसचा माल करणारे कारखाने अनेक वर्षे चालले. त्या धुळीत राबलेल्या माणसाला उद्या कोणी सांगेल, 'तुमच्या रक्तातच दोष आहे', तर त्याने सांगणाऱ्याचे तोंड पाहावे. 'खाण तशी माती' ही म्हण मालकाच्या फार सोयीची आहे. रक्तातला दोष आणि कारखान्यातली धूळ या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, पण एकीचे नाव घेऊन दुसरीची जबाबदारी झटकता येणार नाही. खानोलकरांनी ऐंशी वर्षांपूर्वी रक्त आणि राहणी हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले, ते याचसाठी आपल्या कामाचे आहे.

तेव्हा करायचे काय? घरापुरते सांगायचे तर, आपल्या वडीलधाऱ्या बायका हयात आहेत तोवर त्यांच्यापाशी बसावे आणि एका वहीत लिहून घ्यावे. कोण, कोणत्या वयात, कशाने. 'पोटाच्या दुखण्याने' असे सांगितले तर कोणत्या रुग्णालयात नेले होते तेही विचारावे. लेकींच्या पुढच्या रेघा तोडू नयेत. एकाच बाजूला दोन-तीन जणांना तोच रोग झाला असेल, किंवा कोणाला पन्नाशीच्या आतच झाला असेल, तर ती वही घेऊन समुपदेशकाकडे जावे. त्याआधी जाहिरात पाहून परस्पर रक्त देऊ नये. संघटनांपुरते सांगायचे तर, राज्य विमा योजनेच्या मुलुंड, कांदिवली, अंधेरीच्या रुग्णालयांत अशा सल्ल्याची आणि गरजेप्रमाणे तपासणीची सोय असावी, ही मागणी आपल्या मागणीपत्रात आली पाहिजे. त्याबरोबरच, कामगाराची जनुकीय माहिती मालकाच्या फाइलीत जाणार नाही, असे कलम करारात आले पाहिजे. आठ तासांचा दिवस मागताना आपल्या वाडवडिलांनाही लोक वेडेच म्हणाले होते.

आणि शेजारी म्हणून आपण काय करायचे? एवढेच की, शेजारच्या घरात वही उघडली गेली, तर आपण आवाज खाली करून बोलायचे नाही. त्या घरातली मुलगी तपासून आली की नाही, उत्तर काय आले, हे विचारायचे नाही. तिने आपण होऊन सांगितले तर ऐकून घ्यायचे आणि टाटाला जाताना तिच्यासोबत कोणी नसेल, तर एक दिवसाची रजा टाकून सोबत जायचे.